दोन डावे दरवाजे

यंदा काजू लवकर पिकला. फेब्रुवारी सरला नाही तोच परसात बोंडू पडायला लागले आणि त्यांचा तो आंबूस, गोड, डोक्यात चढणारा वास अंगणापर्यंत आला. वास आला तसा माझा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणतात, वासाचा आणि खांद्याचा काही संबंध नाही. नसेलही. पण गेल्या वर्षी याच दिवसांत, याच वासात, माझा खांदा मांगराच्या, म्हणजे परसातल्या शेडच्या, खांबावर आपटून निखळला होता, आणि त्या दिवशी हवेत काजूबरोबर आणखी एक वास होता, रेग्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा. अजून कुठे चांभाराच्या टपरीवर तो वास आला तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

मांगरात पपांची फियाट होती. आमचं घर मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारापासून थोडं आत, माडांच्या आणि काजूंच्या मधे. पपांनी ती गाडी जुनीच विकत घेतली तेव्हा मी चौथीत होते आणि माझा भाऊ सांतान अजून बोट धरून चालायचा. लग्नाला, बारशाला, आजाऱ्याला मालवणला न्यायला, सगळ्या वाडीला ती गाडी लागायची आणि पपा कुणालाही नाही म्हणत नसत. पपा गेल्याला आता चौदा वर्षं झाली. आजही कट्ट्याला कुणी जुना माणूस भेटला की म्हणतो, "तुझो बापूस म्हणजे देवमाणूस गो."

देवमाणसानं घरात कधी हात उचलला नाही. घराला शेजार होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही गाडीत बसलो की ते म्हणत, "चला, जरा फिरान येवया." त्यातल्या काही रविवारी, सगळ्या नव्हे, धामापूरच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की आवाज न चढवता ते सांगत, "काचो वर करा." माझ्या बाजूची काच मीच वर करायची. हँडल घट्ट होतं, दोन्ही हातांनी फिरवावं लागे. मग झाडांच्या गर्दीत गाडी थांबे. पपा मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि मायला मारत. ओरडत नसत. शिव्या देत नसत. बंद गाडीत फक्त हाताचा आवाज आणि मायचा श्वास. ती तोंडातून शब्द काढत नसे. दरवाज्याला हात टेकायला जो उंचवटा असतो, तो दोन्ही मुठींत धरून बसे. एका रविवारी तिनं तो इतका ओढला की खालचं तांबडं रेग्झिन टरकन फाटलं. त्या संध्याकाळी पपांनी दाराचं ते आतलं पॅनल काढून ओटीवर आणलं आणि तिच्याकडूनच शिवून घेतलं. शेजारची बाई येऊन म्हणाली, काय बारीक टाके घालतेस गो.

परतताना कट्ट्याच्या स्टँडवर गाडी थांबायची आणि आम्हाला लिंबू सोडा मिळायचा. मायलाही मिळायचा. ती बाटली आधी गालाला लावायची.

सांतानला तो सोडा आठवतो.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यानं मुंबईची नोकरी सोडली आणि बायकोला, लीनाला, घेऊन कायमचा गावी आला. मीही त्याच सुमारास शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं आणि लग्न केलं नाही. घरात मी आणि माय, दोघीच. सांतान आला, घर भरलं, माय खूष झाली. आठ दिवसांत त्यानं जाहीर केलं की पपांची गाडी तो परत उभी करणार. इंजिन त्यानं वेंगुर्ल्याच्या एका मेकॅनिककडे पाठवलं. आतली सजावट मात्र तो स्वतःच्या हातानं करणार होता. फोनवर व्हिडिओ बघून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं.

"पपांची आठवण आसा ती," तो म्हणाला. "माजो हात लागाक होयो."

मला ते पटलं नव्हतं, पण मी मदतीला गेले. खरं सांगायचं तर मला आतून बघायची होती ती गाडी.

पपा गेल्यापासून तेरा वर्षं उभ्या उभ्या कोकणची हवा खाल्लेल्या गाडीचा दरवाजा सोलणं हे सोपं काम नव्हे. आधी काच फिरवायचं हँडल काढायचं. त्याच्या मागे एक बारीक खीळ असते, ती गंजून हँडलशी एकजीव झालेली. सांतान हातोडीनं ठोकत होता, प्रत्येक ठोक्याला गाडी थरथरत होती. मग पॅनलच्या कडेनं पातळ पटाशी घालून एकेक क्लिप उचकटायची. कट्, कट्, कट्. काही क्लिपा निसटून गोळीसारख्या मांगरभर उडाल्या. पॅनल हाती आलं तेव्हा त्याचा हार्डबोर्ड पापडासारखा फुगलेला होता, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. आत दरवाज्याच्या पोटात गंज, झुरळांची अंडी आणि कुजलेला प्लास्टिकचा कागद.

"बाय, तू जुना रेग्झिन फाडून काढ," त्यानं मला सांगितलं.

मी फाडायला लागले. पहिला तुकडा हलक्या हातानं सोडवला. दुसरा जरा जोरात. मग मला काय झालं कळलं नाही. मी पॅनल जमिनीवर टाकून त्यावर गुडघा दिला आणि दोन्ही हातांनी ओरबाडत सुटले. नखं उलटली, फोमचा भुगा डोळ्यांत गेला, आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं की मी दचकून थांबले. हे बरं वाटणं माझ्या ओळखीचं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी एका मुलीच्या बोटांवर पट्टी मारली होती. पट्टी आडवी न धरता उभी, धारेनं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, दुसरं काही नाही. ती रडली नाही, म्हणून पुन्हा मारली. तेव्हाही माझा श्वास असाच मोकळा झाला होता. ती मुलगी पुढे महिनाभर बाकावर हात लपवून बसायची. मी तिची कधी माफी मागितली नाही. आज ती कुठे असते तेही मला ठाऊक नाही.

पपांना घड्याळ काढून ठेवताना काय वाटत असेल, ते मला त्या दुपारी थोडंसं कळलं. कळायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या दाराचं पॅनल निघालं. मायच्या बाजूचं. हात टेकायच्या उंचवट्याखाली काळ्या दोऱ्याची ती शिवण तशीच होती. सांतान तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "बघ गो, मायचा काम. काय हात होतो तिचो!"

"ता तिना कित्या शिवला, तुका ठाव आसा?" मी विचारलं.

का शिवलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तळ्याचा रस्ता, काचा, घड्याळ, सगळं. तो ऐकताना हसत होता, मग हसायचा थांबला.

"तू खोटा बोलतंस."

"तू मागच्या सीटवर माज्या मांडयेर होतंस, सांतान. मी तुझे कान झाकी."

"पपांनी माका कधी बोट लावला नाय."

"तुका नाय लावला."

तो पॅनल हातात घेऊन तसाच अंगणात गेला. माय तिथे पाटावर बसून ओले काजू सोलत होती. काजूचा चीक हात जाळतो, म्हणून तिनं बोटांना राख चोळली होती. पुन्हा तोंडावर हसू आणून त्यानं पॅनल तिच्यापुढे धरलं. "माय, ही सांगता पपा तुका गाडयेत मारीत. सांग हिका. खरा काय ता सांग."

मायनं त्या शिवणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा हातातल्या काजूकडे.

"माका आठवणा नाय," ती म्हणाली.

त्या क्षणी मला मायचा जितका राग आला तितका पपांचाही कधी आला नव्हता. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. एकाच चुलीवर स्वयंपाक करायचा, एकाच ओटीवर बसायचं, आणि मधे भिंत. सांतान मात्र दुप्पट जोमानं कामाला लागला. सकाळ झाली की मांगरातून करवतीचा आवाज सुरू. नवा हार्डबोर्ड आणला, जुन्या पॅनलवरून खुणा केल्या, कापला, दमट हवा लागू नये म्हणून कडांना वॉर्निश दिलं. तांबडं रेग्झिन कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर उन्हात पसरलं, म्हणजे ते मऊ पडून नीट ताणलं जातं. दुरून बघितलं तर कुणी जनावर सोलून वाळत घातल्यासारखं दिसे.

तो आता चुकला की स्वतःशी दातओठ खाऊन बोलायचा. सोल्युशनचा डबा लवंडला तर डब्याला लाथ. करवत अडली तर करवत भिंतीवर. लीना जपून वावरायला लागली होती. चहा ठेवून मागच्या मागे परतायची. एकदा मी तिला विचारलं, "मुंबईतही असाच असतो का गं?" ती वसईकडची, आमच्याशी साधं मराठी बोलायची. "कामाचं टेन्शन असलं की," ती म्हणाली, आणि साडीचा पदर दंडावर ओढून घेतला. मी तीस वर्षं मुलींचे चेहरे वाचले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलं होतं. मी विचारलं नाही.

एका शनिवारी दुपारी पुढची दोन्ही पॅनलं तयार झाली. सांतान मला आणि लीनाला बघायला बोलवायला आला. खरंच देखणी झाली होती: फोम सारखा बसलेला, रेग्झिन ताठ, कोपऱ्यांवर एक सुरकुती नाही. त्यानं एक पॅनल डाव्या दाराला लावून बघितलं, ते चपखल बसलं. दुसरं उचलून तो उजव्या दाराकडे गेला. बसेना. फिरवलं, तरी बसेना. हँडलचं भोक जिथे हवं तिथे नव्हतं.

लीना दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिला हसू आलं. थट्टेचं नव्हतं ते. कोडं सुटल्यावर येतं तसं.

"अहो, दोन्ही डावेच झालेत," ती म्हणाली. "दुसऱ्याला रेग्झिन उलट्या बाजूनं लावलंय."

सांताननं पॅनल खाली ठेवलं. अगदी सावकाश, नीट भिंतीला टेकवून.  मग त्यानं लीनाचे केस धरले आणि तिचं तोंड गाडीच्या दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. तो ओरडत नव्हता. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली, त्यानं खांद्यानं मला झटकलं आणि मी खांबावर जाऊन आदळले. आत काहीतरी जागचं सुटल्याचा आवाज मीच ऐकला. लीना खाली बसली होती. तिच्या भुवईतून रक्त वाहत गळ्यापर्यंत आलं होतं. सांताननं तिला उठवायला की पुन्हा मारायला, देव जाणे, दाराच्या चौकटीचा आधार घेतला आणि तो वाकला.

माय कधी आली ते कुणी पाहिलं नाही. ऐंशीला टेकलेली बाई, चालताना कमरेवर हात ठेवणारी. क्लिपा ठोकायचा लाकडी हातोडा तिनं जमिनीवरून उचलला आणि चौकटीवर टेकलेल्या त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो किंचाळला. तिनं पुन्हा घातला.

"मारूक होयो होतो तुज्या बापाशीक," माय म्हणाली. ती धापा टाकत होती. "गावलो तुजो हात."

सांतान हात पोटाशी धरून मातीत बसला आणि लहान मुलासारखा मायकडे बघत राहिला. मायनं हातोडा खाली टाकला नाही. आम्ही तिघी मांगराबाहेर पडेपर्यंत ती त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत होती.

शेजाऱ्यांच्या रिक्षातून मालवणला गेलो. लीनाच्या कपाळाला माझी ओढणी बांधलेली, माझा हात लोंबणारा, मधे माय. दवाखान्यात डॉक्टरांनी लीनाला विचारलं, "कशानं लागलं?"

"पडले," ती म्हणाली. शब्द इतका तयार होता की विचार करावाच लागला नाही तिला.

"नवऱ्यानं मारलं," मी म्हणाले. "माझ्या भावानं. मी बघितलंय."

लीनानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत उपकार वगैरे काही नव्हतं, भीती होती. टाके घालून होईस्तोवर तिनं माझा चांगला हात सोडला नाही. मग स्वतःच म्हणाली, "चला. लिहून देऊ."

पोलीस ठाण्यात माझा आणि लीनाचा जबाब झाला. मग हवालदार मायकडे वळला. माय बोलायला लागली ती पपांनी गाडी घेतली तिथपासून. तळ्याचा रस्ता. काचा. घड्याळ. कुठल्या सणाच्या आदल्या दिवशी, कुठल्या साडीवर. सोड्याची बाटली. मी बाजूला बसून ऐकत होते. मला जे आठवत होतं ते तिच्या आठवणीच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं.

हवालदार सभ्य होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आजी, हे सगळं खरं. पण आजचं सांगा."

"आजचा सांगूक आदला सगळा सांगूक लागता," माय म्हणाली. "आणि मी तेचो हात मोडलंय. ताय लिवा."

त्यानं पेन खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग तेही लिहिलं.

परतताना मी तिला विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललीस? ती रिक्षाच्या बाहेर बघत होती. "तेच्या तोंडार पपांचा हसणा होता," ती म्हणाली. "बोलाकच येवना माका."

सांतानची दोन बोटं आणि तळहाताचं एक हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून, जामीन मिळाल्यावर तो मुंबईला गेला. मायविरुद्ध त्यानं तक्रार केली नाही. लीना माहेरी गेली नाही. काजूचा तो सगळा मोसम ती आमच्याकडेच राहिली. टाके निघाल्यावर एका सकाळी मला म्हणाली, "ते उजवं पॅनल करू या का? हाताला काहीतरी हवंय." मला ती गाडी जाळायची होती. पण माझा हात झोळीत अडकवलेला, तेव्हा मी नुसती सांगायला बसले आणि तिनं केलं. चुकीचं रेग्झिन सोडवलं, हार्डबोर्डाला उलट बाजूनं नवा फोम लावला, दुपारच्या उन्हात रेग्झिन तापवून दातांनी धरून ताणलं. कोपऱ्यांवर सुरकुत्या राहिल्या. मागची दोन पॅनलं त्याहून बरी झाली. मोसम सरता सरता वेंगुर्ल्याचा एक हौशी माणूस येऊन गाडी घेऊन गेला. टेम्पोवर चढवलेल्या त्या गाडीच्या आत मायनं एकदाही डोकावून पाहिलं नाही. जूनमध्ये लीना वसईला गेली, तिथे तिनं एक खोली घेतली. केस चालू आहे. तारखेला मी आणि लीना दोघी जातो, कधी माय येते.

आणि गेल्या आठवड्यात सांतान आला.

सांगून आला नव्हता. सकाळच्या गाडीनं कट्ट्याला उतरून चालत आला आणि बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकात, उभा राहिला. आत ये म्हणायला माझी जीभ वळली नाही. माय ओटीवर होती. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग मला म्हणाली, "ताट घे."

तो ओटीवरच जेवायला बसला. उंबरठ्याच्या आत ये असं तिनं म्हटलं नाही, त्यानं विचारलं नाही. बांगड्याचं तिखलं आणि भात. त्याची उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. भाताचा घास होईना. वर नेईपर्यंत अर्धा ताटात सांडे. त्यानं डाव्या हातानं खाऊन बघितलं, तेही जमेना. मी मान वळवली. माय उठली, आत गेली, आणि एक चमचा आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. परत समोर बसली.

तो रडायला लागला. चमचा हातात घेऊन, तसाच.

"माय, लीनाक एक फोन करू? माफी मागूची आसा. एकच फोन."

"नको करू," माय म्हणाली. "तिका आता रातची झोप लागता."

तो थांबला. मग हळूहळू चमच्यानं जेवायला लागला. माय त्याचं ताट रिकामं होईपर्यंत बघत राहिली, मधे एकदा भात वाढला. दुपारच्या एसटीनं तो गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, तू माजे कान झाकी, ता आठवला माका."  माझा डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला होता.

संध्याकाळी मी मायला विचारलं, "माफ केलंस तू त्याला?"

ती चुलीपुढे बसली होती. निखारे पुढे ओढता ओढता म्हणाली, "माफी देवची काय नाय, ता लीनाचा काम. भुकेलो इलो, जेवक घातलंय." मग ती म्हणाली, "फुडल्या तारखेक माकाय ने. अजून सांगूचा आसा."